आमच्या यांचा आवाज

आमच्या यांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूत एक इंजिन असतं, अशी यांची पक्की समजूत. मिक्सर असो, शिलाई मशीन असो की फ्रिज, यांचं औषध एकच. आधी कान लावून ऐकायचं, आणि जे चालू आहे ते बंद करायचं नाही. "चालू आहे ना? मग राहू दे. बंद केलंस की परत सुरू व्हायचं नाही," हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. यांच्या त्या शिकवणीच्या जुन्या गाडीपुरतं ते खरंही होतं. ती चौकात बंद पडली की शिकायला आलेल्यांनाच खाली उतरून धक्का मारावा लागे. पण एका गाडीचा धडा यांनी साऱ्या दुनियेला लावला, आणि त्यापायी आमचं जे गेलं ते परत यायचं नाही.

माणूस मोठा गमतीचा. शेजारी बसलेला शिकाऊ भिंतीवर गाडी घालायला निघाला तरी यांचा आवाज चढत नसे. "आता ब्रेक. हळू. छान," एवढंच. घरी मी आरडाओरडा करायची आणि हे त्याच सुरात मला थांबवायचे, जणू मीही क्लच एकदम सोडलाय.

मग यांच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे मात्र डॉक्टरांना म्हणाले, "गाडी वाचतेय ना? मग हॉर्न गेला तर जाऊ दे." डॉक्टर हसले. घरी परत येताना मात्र हिरवा दिवा लागला तरी हे गाडी थांबवूनच बसले.

आवाज भरून ठेवायची कल्पना भाच्याची. माझ्या नणंदेचा हा मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. लेकीच्या शिक्षणासाठी घेतलेला आमचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पडून होता. लेक लग्न होऊन दूर गेल्यावर त्याच्यावर मी फक्त कपड्यांच्या घड्या ठेवायची. भाच्याने तो पुसला, माइक लावला आणि म्हणाला, "मामा, ऑपरेशनच्या आधी जे जे बोलावंसं वाटेल ते यात बोलून ठेवा. एकेका बटणावर एकेक वाक्य बसवून देतो. बटण दाबलं की तुमच्याच आवाजात बोलेल."

मग हे रोज सकाळी दाढी-अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या माइकपुढे बसायचे. इस्त्रीचा शर्ट कशाला, विचारलं तर म्हणाले, "शर्ट चुरगळलेला असला की आवाजही चुरगळतो." मी म्हटलं, "इतकं तर तुम्ही माझ्याशी सबंध जन्मात बोलला नाहीत." तर म्हणाले, "तू जागा दिलीस तर ना!"

यांनी काय काय भरलं! "चहा कर ना थोडा." "पंखा कमी कर." "चष्मा कुठे ठेवलास?" (मी ठेवलेला नसे, पण वाक्य तसंच.) "काय गं बाळा, कशी आहेस?" हे लेकीसाठी. "सासूबाईंना नमस्कार सांग," हेही तिच्यासाठीच. "मी जरा फिरून येतो," हे भरताना यांनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि साफ विसरले होते. त्यामुळे त्या वाक्याच्या शेवटी माझीच किंकाळी आहे, "अहो, दूध!" भाचा म्हणाला, तेवढं कापून टाकतो. यांनी कापू दिलं नाही. पुढे कितीतरी महिने हे फिरायला निघाले की कॉम्प्युटरमधून मी ओरडायची आणि खरी मी स्वयंपाकघराकडे धावायची.

ऑपरेशन झालं. गळ्याला खाली एक भोक राहिलं, त्यातून श्वास घ्यायचा, त्यावर रुमाल बांधायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. पण घरी आल्यावर हे थेट कॉम्प्युटरपाशी गेले आणि बटण दाबलं. "चहा कर ना थोडा." मी स्वयंपाकघरात होते. त्या क्षणी वाटलं, जणू काहीच झालेलं नाही. मी चहा टाकला आणि ओट्याला धरून रडले.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. हवा गिळून ती ढेकरासारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द बसवायचे, असं त्या शिकवत. हे एकदा जाऊन बसले आणि परत गेले नाहीत. कागदावर लिहून दाखवलं, "घरात माझा आवाज असताना बेडकाचा कशाला घेऊ?" मलाही ते पटलं.

तर असा आमचा संसार बटणांवर चालू झाला. लोकांना वाईट वाटायचं, आम्हाला नाही. अडचण फक्त भांडणाची होती. यांनी भांडणासाठी एकच वाक्य भरून ठेवलं होतं, "तुझं बरोबर आहे." मी तासभर बडबडले की हे शांतपणे बोट टेकवायचे. "तुझं बरोबर आहे." परत काही बोलले की परत तेच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि मग हसू यायचं.

एका सकाळी कॉम्प्युटरमधून टकटक असा आवाज यायला लागला. आत कोणीतरी नखाने वाजवतंय तसा. यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. चेहरा अगदी गाडीच्या बॉनेटवर वाकल्यावर होतो तसा. मग कागदावर लिहिलं, "बंद करायचा नाही. गरम राहू दे."

मी म्हटलं, "भाच्याला बोलवू का?"

"चालतोय ना," यांनी लिहिलं. "कशाला बोलवायचं?"

आणि खरंच चालत होता. बटण दाबलं की जरा वेळ लागायचा, पण आवाज यायचा. यांनी टेबलफॅन आणून त्याच्याकडे तोंड करून ठेवला. झाडू-पोछा करताना चुकून बंद होऊ नये म्हणून मी भिंतीवरच्या स्विचला चिकटपट्टी लावली. घरात आजारी माणूस असावं तसे आम्ही त्या डब्याभोवती वावरायला लागलो. टकटक जरा कमी झाली की मला हायसं वाटायचं. वाढली की हे उठून डब्यावर हात ठेवायचे. पुढे नुसती टकटक राहिली नाही, मधेच खर्र असा घासल्याचा आवाज यायला लागला. हे आणखी हट्टाला पेटले. घाटात इंजिन तापलं तर चालू ठेवून थोडं थोडं पाणी घालतात, असं यांचं गणित. आठवडाभर आम्ही ते यंत्र एक क्षण बंद केलं नाही.

मग एका दुपारी यांनी चहाचं बटण दाबलं. "चहा क," एवढंच आलं. मग नुसतं "क, क, क, क." मग खर्र. मग काही नाही. पडदा निळा झाला आणि काळा झाला. हे बटण दाबत राहिले. मग सगळीच बटणं दाबायला लागले, दोन्ही हातांनी. मी जवळ जाऊन त्यांचे हात धरले.

भाचा तासाभरात आला. चप्पल काढता काढता विचारलं, "काय झालं मामा?" मी सगळं सांगितलं. टकटक म्हटल्यावर तो थांबला.

"टकटक कधीपासून येत होती?"

"आठवडा झाला असेल," मी म्हटलं. "पण आम्ही बंद नाही केला हं. पंखासुद्धा लावला होता."

मला वाटलं, तो शाबास म्हणेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढला. डब्याची एक बाजू उघडली. आत धुळीचा जाड थर होता. त्याने दोन वायरी सोडवल्या आणि चपटी, पत्र्याची एक डबी बाहेर काढली. हातावर मावेल एवढी. ती कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"ही हार्ड डिस्क," तो म्हणाला. "सगळं हिच्यावर असतं. हिच्यात एक गुळगुळीत चकती फिरते आणि तिच्यावर, न टेकता, एक काटा फिरतो. टकटक म्हणजे तो काटा बिघडला होता. तेव्हाच बंद केलं असतं तर..." तो अडखळला. मग यांच्याकडे वळून हळूच म्हणाला, "मामा, क्लचप्लेट घासत असताना गाडी तशीच पळवली तर काय होतं?"

हे खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवरच बसले. हा प्रश्न यांनी किती शिकाऊंना विचारला असेल. प्लेट पार झिजून जाते, हे उत्तर यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

"दुसरी कॉपी कुठे आहे?" भाच्याने मला विचारलं. "ऑपरेशननंतर मी पेनड्राइव्ह दिला होता ना मामी?"

पेनड्राइव्ह कपाटात तसाच होता, कोरा. तो दिला तेव्हा यांनी लिहिलं होतं, "कॉप्या मेलेल्या माणसांच्या ठेवतात. मी इथे बसलोय." आणि विषय संपला होता. मी ते भाच्याला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "राहून गेलं रे."

"दुसऱ्या शहरात एक लॅब आहे, तिथे पाठवतो," तो म्हणाला. "आशा फार ठेवू नका, पण पाठवतो." बुडत्याला काडीचा आधार. आम्ही ती काडी धरली.

उत्तर येईपर्यंत मी घरभर आवाज शोधला. लेकीला फोन करून म्हटलं, "तुझ्याकडे बाबांचं काही असेल बघ. कुठलंही. शिव्या दिल्या असतील तर शिव्या." तिने सगळे जुने फोन धुंडाळले. पण यांचं सगळं उलटंच. जिथे तिथे कॅमेरा यांच्याच हातात असायचा, आणि चित्र हलू नये म्हणून हे श्वाससुद्धा रोखून धरायचे. लेकीच्या लग्नात हे पाहुण्यांच्या गाड्या नीट लावून घेत बाहेर उभे. शेवटी एक तुकडा सापडला. लेक विचारते, "बाबा, चालू झालं का?" आणि हे म्हणतात, "हं." एवढंच. एक हं.

तो हं लेकीने मला पाठवला. मी तो ऐकला, परत ऐकला, भांडी घासताना ऐकला, कपडे वाळत घालताना ऐकला. ऐकून ऐकून असा झिजला की आता तो कोणाचाही हं वाटतो.

घरात शांतता होती म्हणजे कशी, ते सांगता येत नाही. आधीही बटणं सतत वाजत नव्हती. पण वाजतील हे ठाऊक असायचं. एके दिवशी हे बेसिनचा नळ चालू ठेवून बाहेर आले आणि माझा तोल गेला. "तो नळ तरी बंद करा! की तोही गरम राहू द्यायचाय?" शब्द निघून गेला. मी थांबले. अशा वेळी "तुझं बरोबर आहे" यायचं. यांचं बोट कॉम्प्युटरच्या बटणाकडे आपोआप गेलं, त्या बटणात आता काही नव्हतं, आणि ते तसंच खाली आलं. मग यांनी जाऊन नळ बंद केला. माझं बरोबर असण्याचा मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

भाचा लॅबचं उत्तर फोनवर सांगू शकला असता. पण पोरगं गुणाचं, स्वतः आला. एका हातात जुनी डिस्क, एका हातात नवी.

"मामा," तो म्हणाला, "चकतीवरचा थरच खरवडून निघालाय. जिथे सगळं लिहिलेलं असतं, तोच. आत नुसती पूड सापडली."

जिवंत माणसाच्या आवाजाची पूड होते, हे मला माहीत नव्हतं. मी चहा टाकायला उठले, कारण बसून राहणं शक्य नव्हतं.

बाहेर येऊन बघते तर दोघं कामाला लागलेले. भाच्याने नवी डिस्क जागेवर सरकवली होती. हे टॉर्च धरून उभे होते. स्क्रू खाली पडला तर यांनी तो टेबलाखालून शोधून दिला. वायर उलटी लागत होती, ती यांनीच बोटाने दाखवली. यंत्र दुरुस्त होत असलं की या माणसाला दुःखसुद्धा विसरायला होतं, असं मला वाटलं. मग मी पाहिलं, जुनी डिस्क यांनी शर्टाच्या खिशात घालून ठेवली होती.

नवी डिस्क सुरू झाली. टक नाही की खर्र नाही. सगळं कसं स्वच्छ, रिकामं. भाचा म्हणाला, "मामा, आता यात एक नवीन सोय आहे. तुम्ही टाइप करा, हा वाचून दाखवेल. हवं ते बोलता येईल. आधी कसं, भरलेली वाक्यंच होती."

यांनी एकेका बोटाने टाइप केलं. कॉम्प्युटरमधला कोणीतरी अनोळखी माणूस म्हणाला, "चांगलं. काम. केलंस. बाळा." बातम्या देतात तसा. शब्दाशब्दाला थांबून, कशाचंच सोयरसुतक नसल्यासारखा. भाचा रुमालाने चष्मा पुसायला लागला. यांनी हात पुढे करून स्पीकरचं बटण फिरवून आवाज पार बंद केला. तो माणूस आमच्या घरात परत बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात हे कपडे करून एकटेच बाहेर पडले. कुठे, ते लिहिलं नाही. दोन-चारदा असे गेले. मग बाथरूममधून ढेकरांचे आवाज यायला लागले. लहान, मोठे, अर्धवट, घुसमटलेले. मी काय ते ओळखलं, पण विचारलं नाही. शेजारच्या काकूंनी मात्र काळजीने विचारलं, "भाऊजींना ॲसिडिटीचा फार त्रास होतोय का हो?" मी म्हटलं, "हो, जुनी आहे." हसावं की रडावं कळेना.

त्या दिवसांत मला एक चाळा लागला होता. काम करता करता मी यांची वाक्यं मनात म्हणून बघायची. शब्द सगळे आठवायचे. कुठे थांबायचे, कुठे हसायचे, तेही आठवायचं. पण ऐकू जे यायचं तो माझाच आवाज. दूध उतू गेल्याची किंकाळी तेवढी लख्ख आठवायची, तीही माझीच. ऑपरेशनच्या आधीची इतकी वर्षं रोज कानावर पडलेली गोष्ट अशी कशी निघून जाते? मला स्वतःची लाज वाटायची. हे यांना सांगायची हिंमत नव्हती. आवाज यांचा गेलाय, आपण कोण रडणार, असं वाटायचं.

एका दुपारी मी मटार सोलत बसले होते. हे समोर येऊन बसले. गळ्यावरचा रुमाल सारखा केला, पाठ ताठ केली आणि हवा गिळली. पहिल्यांदा नुसताच ढेकर आला. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले, कारण मी बघत राहिले की यांना काही जमत नाही. यांनी परत हवा गिळली.

"कसा," असं आलं. जाडं, फाटकं, खालून ओढून आणलेलं. पण शब्द होता. मी हातातली शेंग टाकली. यांनी एक बोट वर केलं, थांब. परत हवा गिळली. "होता?"

"कसा होता? काय, चहा? चहा चांगलाच होता की," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की चहा म्हटलं काय नि पाणी म्हटलं काय.

यांनी मानेने नाही म्हटलं. हात रुमालावर नेला. डोळे मिटून हवा गिळली. "आवाज."

मी हात पदराला पुसले.

यांनी आणखी एकदा हवा गिळली. या वेळी फार वेळ लागला. कपाळावर घाम आला. "आठवेना," हे म्हणाले.

मला वाटत होतं, माझ्याकडून निसटला असला तरी यांच्याकडे तो असणारच. ज्याचा आवाज, त्याच्या आत कुठेतरी तो राहतच असेल. आणि हा माणूस माझ्याकडे मागायला आला होता. घरात दुसरं कोण होतं विचारायला!

"जाडसर होता," मी म्हटलं. "म्हणजे अगदी जाड नाही. जरा खालच्या पट्टीतला. शांत. तुम्ही ओरडायचा नाहीत कधी." यांनी ओठ घट्ट मिटून, कान देऊन ऐकलं, शिकाऊ माणूस ऐकतो तसं. मी बोलत होते आणि माझं मलाच कळत होतं, हे वर्णन रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाचं चालेल. मी यांचा आवाज काढूनही बघितला. "चहा कर ना थोडा," असं, जड करून. तो हास्यास्पद झाला. हे हसले, बिनआवाजाचे. मग हसता हसता यांचे डोळे भरले.

"चांगला होता हो," मी म्हटलं. "फार चांगला होता."

यांनी मान हलवली. मग खाली वाकून माझ्या पुढ्यातल्या थोड्या शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या आणि सोलायला लागले.